गाडीले दम नही

खानदेशात गाडीचं दुखणं सांगायला फार शब्द लागत नाहीत. जळगावात अजिंठा चौफुलीजवळचं गॅरेज असो की धुळ्यात पारोळा रोडवरचं, माणूस चावी मिस्त्रीच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, ‘गाडीले दम नही.’ पुण्या-नाशकाकडे यालाच ‘पिकअप नाही’ म्हणतात. स्कॅनरच्या पडद्यावर ‘बूस्ट प्रेशर कमी’ असं उमटतं. या तिन्हींत मला आपलं अहिराणी वाक्य जास्त नेमकं वाटतं. दम म्हणजे श्वास, आणि टर्बोचा सगळा मामला श्वासाचाच आहे.

पुढचं बोलणंही ठरलेलं असतं. बॉनेट उघडायच्या आधीच आजूबाजूचा कुणीतरी निकाल देऊन मोकळा होतो, ‘टर्बो गेला.’ बारा-पंधरा वर्षं जुन्या गाडीच्या मालकाला हे ऐकून घाम फुटतो, कारण नव्या टर्बोची किंमत आणि जुन्या गाडीची किंमत यांत फारसं अंतर उरलेलं नसतं. म्हणजे टर्बो बदलायचा की गाडीच विकायची, हा प्रश्न त्या एका वाक्यात दडलेला असतो.

जुन्या डिझेल गाड्या आणि त्या चालत्या ठेवणारी माणसं यांच्या नादी मी बरीच वर्षं आहे. त्या नादात टर्बोचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. टर्बोच्या सव्वाशे वर्षांच्या गोष्टीत टर्बो स्वतः फार थोड्या वेळा गुन्हेगार ठरलाय. अडचण आली ती बहुतेक वेळा त्याला जोडलेल्या नळ्यांत, तेलात, उष्णतेत किंवा त्याला आवरणाऱ्या यंत्रणेत. आणि चांगला मिस्त्री कमी बूस्टचं कारण ज्या क्रमाने शोधतो, तो क्रम या इतिहासाच्या बरोब्बर उलटा असतो. जे सर्वांत शेवटी जोडलं गेलं ते तो सर्वांत आधी बघतो. हा लेख त्या दोन प्रवासांबद्दल आहे.

हवेचं वजन

आधी थोडं गणित. एक किलो डिझेल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. हवेला वजन असतं हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. साडेचौदा किलो हवा म्हणजे सुमारे बारा घनमीटर, एका छोट्या खोलीत मावेल एवढी. इंजिनात डिझेल हवं तेवढं फवारता येतं. अडतं ते हवेपाशी. जास्तीचं डिझेल टाकलं आणि हवा पुरली नाही, तर ताकद मिळत नाही, काळा धूर मिळतो.

आता यात जळगावचा मे महिना घाला. पारा ४५च्या आसपास. तापलेली हवा पसरते, तेवढ्याच जागेत तिचं वजन कमी भरतं. १५ अंशांच्या हवेशी तुलना केली तर ४५ अंशांची हवा सुमारे नऊ टक्क्यांनी विरळ असते. म्हणजे डिसेंबरच्या पहाटे भुसावळहून निघालेल्या गाडीला प्रत्येक श्वासात जेवढी हवा मिळते, त्याहून बरीच कमी हवा मे महिन्याच्या दुपारी मिळते. गाडी तीच, चालवणारा तोच, रस्ता तोच.

या तुटवड्यावरचा उपाय म्हणजे टर्बो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका छोट्या पंख्याला फिरवतो. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतो. लहान गाड्यांत ही दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फुकटचा दम, अशी ही कल्पना.

विंटरथूरचा इंजिनिअर

ही कल्पना १९०५ साली स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने पेटंट कार्यालयात नोंदवली. विंटरथूर हे त्याचं गाव, तिथल्या सुल्झर कंपनीत त्याने पुढे यावर काम केलं. त्याचा विचार साधा होता. जळलेल्या इंधनातल्या ऊर्जेचा मोठा वाटा धुराबरोबर बाहेर जातो, मग त्यालाच कामाला लावू.

विचार साधा असला तरी तो चालायला वीस वर्षं गेली. १९२०च्या दशकाच्या मध्यात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना ब्यूखीचे टर्बो बसले, आणि १७५० अश्वशक्तीचं इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागलं. या यशामागची एक बारीक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ब्यूखीचं १९२५चं पेटंट पंख्यापेक्षा नळ्यांबद्दल जास्त आहे. सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच पाइपात सोडला तर एका सिलिंडरचा फुत्कार दुसऱ्याच्या वाटेत येतो. म्हणून त्याने सिलिंडरांचे गट पाडले, प्रत्येक गटाला वेगळी नळी दिली, आणि धुराचे धक्के न विझता पंख्यापर्यंत पोचतील अशी सोय केली.

म्हणजे टर्बोचा बाप मानला जाणारा माणूस वीस वर्षं झगडून ज्या निष्कर्षाला आला, तो असा : पंख्याच्या आधी आणि नंतर काय आहे ते नीट करा. धुळ्यातला जाणता मिस्त्री आज गाडी बघताना हेच म्हणतो, फक्त ब्यूखीचं नाव त्याच्या कानावर आलेलं नसतं.

विमानाला लागलेली धाप

दुसरा धडा डोंगरावर मिळाला. पहिल्या महायुद्धात विमानं उंच जाऊ लागली आणि विरळ हवेत त्यांची इंजिनं धापा टाकू लागली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने १९१८मध्ये लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन ट्रकवर चढवून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर नेलं. उंची सुमारे ४३०० मीटर. समुद्रसपाटीला साडेतीनशेच्या आसपास अश्वशक्ती देणारं ते इंजिन तिथं २३०वर आलं. टर्बो जोडल्यावर त्याने ३५६ दिली. विरळ हवेची भरपाई टर्बो करू शकतो हे त्या दिवसापासून आकड्यांत सिद्ध झालं.

पण मला या प्रकरणाचा पुढचा भाग जास्त रंजक वाटतो. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या बॉम्बफेकी विमानांच्या इंजिनांना जनरल इलेक्ट्रिकचे टर्बो होते. टर्बो किती जोरात फिरावा हे ठरवण्यासाठी धुराच्या वाटेवर एक झडप असते, वेस्टगेट. ती उघडली की धूर पंख्याला चुकवून बाहेर जातो आणि बूस्ट उतरतो. बी-१७मध्ये सुरुवातीला ही झडप तेलाच्या दाबावर चालायची. वीस-पंचवीस हजार फुटांवरच्या थंडीत ते तेल घट्ट व्हायचं. मग झडप ऐकेना, बूस्ट हवा तसा मिळेना. वैमानिक अधूनमधून लिव्हर मागे-पुढे करून ते तेल हलतं ठेवायचे. पुढे मिनिॲपोलिस-हनीवेल कंपनीने विजेवर चालणारा नियंत्रक दिला, तेव्हा चारही इंजिनांचे टर्बो एका बटणावर आले.

या सगळ्या काळात टर्बोचे पंखे शाबूत होते. दुखणं होतं त्यांना हुकूम पोचवणाऱ्या यंत्रणेत. आजच्या गाडीत तेलाच्या जागी व्हॅक्यूमची नळी आणि इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह आलाय, एवढाच फरक.

पहिली टर्बो कार आणि रिकामी टाकी

‘गाडीला दम नाही’ ही तक्रार टर्बो कारइतकीच जुनी आहे, हे कळल्यावर मला गंमत वाटली होती. १९६२मध्ये जनरल मोटर्सने दोन टर्बो कार आणल्या. त्यातली एक ओल्ड्समोबिल जेटफायर. साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन, २१५ अश्वशक्ती. दाबलेली हवा तापते, आणि पेट्रोल इंजिनात तापलेल्या हवेने मिश्रण वेळेआधीच पेटायचा धोका असतो. तो टाळायला कंपनीने गाडीत एक वेगळी टाकी दिली. त्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण भरायचं, टर्बो जोरात चालला की ते हवेत फवारलं जाऊन हवा थंड व्हायची. मिश्रणाला नावही झोकदार होतं, टर्बो-रॉकेट फ्लुइड.

टाकी रिकामी झाली तर इंजिनाला इजा होऊ नये म्हणून एक जादा झडप होती. ती बूस्ट रोखून धरायची. आता पेट्रोल भरायचं लक्षात राहतं, ही दुसरी टाकी कोण लक्षात ठेवणार? ग्राहकांच्या गाड्या मंदावल्या. दोन वर्षांत गाडी बंद पडली, आणि पुढे कंपनीने अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले.

आज स्कॅनरवाले ज्याला ‘लिंप मोड’ म्हणतात, त्याचा हा पूर्वज. गाडी स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम लंगडते. कमी बूस्ट म्हणजे दर वेळी बिघाड नसतो. कधी कधी तो गाडीच्या कॉम्प्युटरने घेतलेला निर्णय असतो, आणि मिस्त्रीचं काम असतं तो निर्णय का घेतला ते शोधायचं.

उष्णतेवरचा टिकाऊ उपाय म्हणजे इंटरकूलर, दाबलेली हवा थंड करणारी जाळी. ४५ अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबावर नेली की ती सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत तापू शकते. तशीच आत गेली तर दाबून मिळवलेलं बरंचसं तापून गमावलं जातं. खानदेशात इंटरकूलरला दोन शत्रू आहेत. एक धूळ. दुसरा कापूस. हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमागचा रस्ता पाहिलाय? दोन्ही बाजूंच्या बाभळींवर पांढरे पुंजके लटकलेले असतात. तोच कापूस गाडीच्या पुढच्या जाळ्यांत जाऊन बसतो. धूळ त्यावर थर चढवते, आणि जाळीची चटई होते.

खानदेशात टर्बो आला कसा

डिझेलला टर्बो फार मानवतो, हे जहाजांनी आणि ट्रकांनी आधीच दाखवून दिलं होतं. स्वित्झर्लंडच्या साउररने १९३८मध्ये टर्बो असलेलं ट्रकचं इंजिन आणलं. विक्रीला आलेली पहिली टर्बो-डिझेल प्रवासी कार म्हणजे १९७८ची मर्सिडीज ३०० एसडी.

आपल्याकडे मात्र १९९०च्या दशकापर्यंत रस्त्यावरच्या बहुतेक जीप, मॅटाडोर आणि टेम्पो बिनटर्बोचे होते. काळीपिवळीत चौदा माणसं बसायची, टपावर गाठोडी असायची, आणि चढ आला की ड्रायव्हर दुसरा गिअर टाकून निवांत व्हायचा. तिथं दमाची अपेक्षाच नव्हती, त्यामुळे दम गेल्याची तक्रारही नव्हती.

१९९८मध्ये टाटांची सफारी टर्बो-डिझेल घेऊन आली. २००२मध्ये महिंद्रांची स्कॉर्पिओ आली. ती आपल्या शेजारी नाशकातच बनायची, आणि केळीच्या किंवा कापसाच्या एका चांगल्या हंगामानंतर कुणाच्या दारात ती उभी राहिली हा गावाच्या चर्चेचा विषय असायचा. पण टर्बो खऱ्या अर्थाने मध्यमवर्गाच्या घरात शिरला तो २००७मध्ये, स्विफ्ट डिझेलबरोबर. १२४८ सीसीचं ते इंजिन मुळात फियाटचं. मारुतीने ते हरियाणात मानेसरला बनवलं, फियाट आणि टाटांच्या गाड्यांसाठी ते पुण्याजवळ रांजणगावला बनलं. इतक्या वेगवेगळ्या बोधचिन्हांखाली ते धावलं की लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले.

यामागे दोन कारणं होती. सरकारी नियंत्रणामुळे डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि तो फायदा आटत गेला. दुसरं कारण प्रदूषणाचे नियम. २०००पासून भारत स्टेज नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. स्वच्छ जळण्यासाठी डिझेलला भरपूर हवा आणि अचूक फवारा लागतो. म्हणून टर्बोबरोबर कॉमन रेल आलं, धूर पुन्हा आत फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह आला, हवेचा दाब मोजणारे सेन्सर आले, पात्यांचा कोन बदलणारे टर्बो आले, आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा कॉम्प्युटर आला. टर्बोभोवती एवढी वस्ती वाढली. बिघडायच्या जागाही तेवढ्याच वाढल्या.

उलटा प्रवास

आता मिस्त्रीकडे येऊ. तो इतिहास शेवटाकडून वाचतो असं मी म्हटलं, ते कसं ते बघा.

सर्वांत शेवटी आले सेन्सर आणि कॉम्प्युटर, म्हणून पहिली नजर तिथं. चावी चालू, इंजिन बंद असताना दाब मोजणाऱ्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. जळगाव-धुळ्याच्या उंचीला तो शंभर किलोपास्कलपेक्षा किंचित कमी असतो. इंजिन बंद असताना तिथं भलताच आकडा दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग खोटं बोलतेय. इथं एक गल्लत नेहमी होते. स्कॅनर बहुधा हवेच्या मूळ दाबासकट आकडा दाखवतो. दोनशे दिसले म्हणजे टर्बोने दिले शंभर. पुढे गाडी चालवताना कॉम्प्युटरने मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी ठेवून बघायचे. मागणीच कमी असेल तर कॉम्प्युटर कशाला तरी घाबरलाय. मागणी भरपूर आणि पुरवठा कमी असेल तर शोध पुढे न्यायचा.

त्यानंतर हुकूम पोचवणारी यंत्रणा, म्हणजे बी-१७चा धडा. इथं टर्बोची जात ओळखणं गरजेचं आहे. साध्या वेस्टगेटच्या बऱ्याच टर्बोंत झडप बूस्टच्याच दाबाने उघडते. तिची नळी फाटली तर झडप उघडतच नाही आणि बूस्ट उलट वाढतो. पात्यांचा कोन बदलणाऱ्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या टर्बोत मात्र व्हॅक्यूम गळालं की पाती उघडी राहतात आणि बूस्ट कोसळतो. म्हणजे तशीच दिसणारी नळी एका गाडीत फाटली तर दम वाढतो, दुसरीत जातो. हे ठाऊक नसलेला माणूस एका गाडीचा उपाय दुसरीला लावतो. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन ॲक्च्युएटरची दांडी पूर्ण हलते का आणि तशीच थांबते का, हे बघायला पाच मिनिटं लागतात. दांडी हलून हळूहळू परत आली तर आतला पडदा गळतोय. व्हॅक्यूम धरून ठेवलं आणि तरीही दांडी अडकली तर पात्यांवर काजळी साचलीय.

मग ईजीआर. तो उघडा अडकला तर पंख्याला मिळायचा धूर मधूनच वळून आत जातो आणि ताज्या हवेची जागा खातो. दोन्हीकडून तोटा.

मग नळ्या आणि इंटरकूलर, म्हणजे ब्यूखीचा धडा. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी होजवर तेलाचा ओलसर, धूळ चिकटलेला पट्टा दिसला तर तिथून हवा निसटतेय असं समजायचं, कारण दाबलेल्या हवेबरोबर थोडी तेलाची वाफ असतेच. खात्री करायची पद्धत पंक्चरवाल्याकडून आलीय. नळीचं तोंड बंद करायचं, त्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह लावायचा, बेताची हवा भरायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी सोडायचं. बुडबुडे बोलतात.

मग इंधन. हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. टर्बोला फिरवतो धूर, आणि धूर येतो जळलेल्या डिझेलमधून. डिझेल फिल्टर तुंबला तर डिझेल कमी, धूर कमी, पंखा मंद, बूस्ट कमी. इथं कमी बूस्ट हे कारण नाही, परिणाम आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या काही गाड्यांत तर बूस्टचा दाब एका बारीक नळीने पंपापर्यंत नेलेला असतो, म्हणजे हवा वाढली की पंप डिझेल वाढवतो. ती नळी फाटली की पंपाला हवा वाढल्याचं कळतच नाही. गाडी काळा धूर टाकत नाही, आवाज करत नाही, फक्त मरगळते.

मग धुराची वाट. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डच्या जोडाशी काजळी दिसली तर गळती. टर्बोच्या नंतर सायलेन्सरची लाइन तुंबली तर धूर बाहेर पडायला जागा नाही, पंखा गुदमरतो.

आणि एवढं सगळं निर्दोष सुटलं तर मग टर्बो. दांडी बोटाने हलवून बघायची. आडवी किंचित हलली तर घाबरायचं नाही, ती तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते, चालताना तो थर ती जागा भरतो. पुढे-मागे सरकली किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असल्या तर टर्बो खरोखर गेला. तेव्हाही जाणता मिस्त्री लगेच नवा मागवत नाही. आधी तेलाची नळी बघतो. जुन्या टर्बोला ज्या तुंबलेल्या नळीने मारलं, ती नव्यालाही सोडत नाही.

दुपारची गाडी

हा क्रम मला पुस्तकाआधी एका गाडीवर दिसला. आमच्या घरची जुनी डिझेल हॅचबॅक दोन महिने दम टाकत होती. एका मोठ्या वर्कशॉपने अर्धा तास बघून नव्या टर्बोचा अंदाजपत्रकी कागद हातात दिला. वडिलांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि गाडी धुळ्याला एका मिस्त्रीकडे न्यायची ठरवली.

जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. या महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. दुपदरी रस्ता, पुढे कंटेनर, समोरून कंटेनर. ओव्हरटेकला बाहेर पडलेल्या गाडीने ऐन वेळी दम टाकला की काय वाटतं, हे त्या रस्त्यावर गाडी चालवलेल्याला सांगायला नको. दमाचा प्रश्न तिथं हौसेचा उरत नाही.

मिस्त्रीने पहिला प्रश्न विचारला, ‘कव्हा दम जातो? सकायी का दुपारी?’ वडील थबकले, मग म्हणाले, ‘दुपारीच जास्त.’ मिस्त्रीने बॉनेटला हात लावला नाही. म्हणाला, जेवून या, ऊन चढू द्या. दीड वाजता त्याने गाडी लळिंगच्या दिशेने काढली, चढावर वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला, खिडक्या उघड्या ठेवल्या. फुस्स असा बारीक आवाज आला. परत येऊन त्याने गरम इंजिनावरच साबणाचं पाणी सोडलं. इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजच्या खालच्या अंगाला, क्लिपच्या मागे, बोटभर चीर होती. थंड असताना रबर ताठ, चीर मिटलेली. तापलं, मऊ झालं, आतून दाब आला की ती उघडायची. वर्कशॉपची तपासणी सकाळी झाली होती, गाडी उभी असताना.

यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे बूस्ट उभ्या गाडीत तपासता येत नाही. न्यूट्रलमध्ये कितीही रेस केलं तरी इंजिनावर भार येत नाही, धूर कमी बनतो, टर्बो पुरता जागाच होत नाही. तापीचं खोरं सपाट आहे, त्यामुळे दम नसलेली गाडीसुद्धा इथं महिनोन्‌महिने लपून राहते, आणि चाळीसगावहून औट्रम घाट चढताना किंवा शिरपूरच्या पुढे बिजासन घाटात उघडी पडते. दुसरी गोष्ट, त्या मिस्त्रीने यंत्राआधी वेळ विचारली. खानदेशात दुखणं दुपारी वाढतं हे त्याला ठाऊक होतं. स्कॅनर त्याच्याकडेही होता. तो त्याने वापरलाही, पण सगळ्यात शेवटी, बसवलेल्या नव्या होजची खात्री करायला.

उरलेली वर्षं

एप्रिल २०२०मध्ये भारत स्टेज ६ लागू झालं आणि लहान डिझेल गाड्यांचं पर्व जवळपास संपलं. नव्या नियमांत बसवायचा खर्च लहान गाडीला झेपणारा नव्हता. ते १२४८ सीसीचं इंजिनही तेव्हाच थांबलं. पण मार्च २०२०मध्ये विकली गेलेली शेवटची गाडी पंधरा वर्षांची होईल २०३५मध्ये. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्येच बंदी घातली. आपल्याकडे त्या अजून दूध पोचवतात, पेशंट नेतात, लग्नाला जातात. निदान दहा वर्षं तरी खानदेशातले मिस्त्री टर्बोच शोधत राहणार आहेत.

मला काळजी आहे ती या माणसांच्या हातातल्या क्रमाची. तो कुठं लिहिलेला नाही. गॅरेजातला पोरगा उस्तादाचे हात बघत शिकतो, आणि आता तो पोरगा इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला जाऊ लागलाय, ते योग्यच आहे. पण मधल्या दहा वर्षांत ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, ते कुणाच्या भरवशावर राहतील? क्रम ठाऊक नसलेला माणूस पार्ट बदलत सुटतो. आधी सेन्सर, मग व्हॉल्व्ह, मग टर्बो, आणि शेवटी कळतं की होज फाटला होता. त्या चुकीच्या क्रमाचे पैसे भरतो तो सालदाराचा मुलगा, ज्याने कर्ज काढून तीच जुनी गाडी भाड्याने चालवायला घेतलीय.

म्हणून तुमच्या घरी अशी गाडी असेल आणि कुणी बॉनेट उघडायच्या आधी ‘टर्बो गेला’ म्हणालं, तर भांडू नका. तीन प्रश्न विचारा. मागितलेला बूस्ट किती आणि मिळालेला किती? ॲक्च्युएटरची दांडी हातपंपावर हलते का? होजला दाब देऊन साबणाचं पाणी लावलं का? उत्तरं मिळाली तर माणूस विश्वासाचा. नाही मिळाली तर चावी परत घ्या, ऊन चढेपर्यंत थांबा, आणि धूर, आवाज, वेळ हे सगळं फोनवर टिपून ठेवा. पुढच्या मिस्त्रीला ते वाचून दाखवा. त्याचं निम्मं काम तिथंच होईल.